नंबर चालू राहावा म्हणून

रानात रेंज फक्त उंच वारुळावर मिळायची. कसोंदेने त्यावर चढून रोजच्यासारखा मिसकॉल दिला आणि तो खाली उतरायला लागला. तेवढ्यात हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, ‘चिलेक्वाची आई’. तिला जाऊन दहा महिने झाले होते.

“कोण हो तुम्ही?” एक बाई विचारत होती. “रोज संध्याकाळी मिसकॉल द्यायचा आणि बोलायचं नाही! आज बॅलन्स आहे म्हणून मीच केला. बोला, मला लग्नाची मागणी घालायचीय का?”

“हा नंबर माझ्या बायकोचा आहे.”

“होता, बाबा. महिन्यापूर्वी मान्सा गावच्या बाजारात मी तो नवा म्हणून घेतला.”

आवाज तुटू नये म्हणून कसोंदे पुन्हा वर चढला.

तांब्याच्या खाणीतलं काम सुटल्यापासून दोन नंबरांत पैसे भरणं त्याला जमत नव्हतं. तो फक्त आपल्या नंबरात भरी, कारण कोळशाचा व्यापारी त्याच्यावर फोन करायचा. बायकोचा फोन बहिणीकडे ठेवून तो कोळसा पाडायला रानात आला होता. पण तो नंबर बंद पडून चालणार नव्हता. मुलगा, चिलेक्वा, बापाशी भांडून दोन वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत गेला होता. तेव्हापासून त्याचा फोन आला नव्हता आणि त्याचा पत्ताही कोणाकडे नव्हता. त्याला पाठ होता तो एवढा आईचा नंबर.

नव्वद दिवस न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे कसोंदेने ऐकलं होतं. रिंग गेली म्हणजे नंबर वापरला, असं त्याने धरलं. मिसकॉल फुकट असतो. मध्ये काही दिवस ‘नंबर बंद आहे’ ऐकू आलं, तेव्हा बहिणीने चार्जिंग केलं नसेल असं त्याला वाटलं. रिंग पुन्हा जायला लागली तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं.

“परदेशातून कोणाचा फोन आला होता का?” त्याने विचारलं.

“फोन नाही. एका परदेशी नंबरवरून दर रविवारी मिसकॉल येतात. लागोपाठ दोन.”

“मग?”

“मग काय? दोन म्हणजे ‘मी बरा आहे, पैसे घालवू नकोस.’ तुमच्याकडे नाही का तसं? म्हटलं, असेल कोणाचं तरी लेकरू. मीही उलटे दोन देते. आपलं काय जातंय?”

“त्यावर तो काय करतो?”

“काही नाही. गप्प बसतो, पुढच्या रविवारपर्यंत.”

कसोंदे वारुळाच्या उतारावर बसला. “तो माझा मुलगा,” तो म्हणाला. “आई गेल्याचं त्याला माहीत नाही.”

मग तिने तो परदेशी नंबर दोनदा वाचून दाखवला. कसोंदेने कोळशाने तो मनगटावर लिहून घेतला.

“बाबा, या रविवारी मी काय करू? उचलू का?”

त्याच्या फोनमध्ये मुलाशी बोलण्यापुरते पैसे होते.

“नको,” तो म्हणाला. “दोन दे.”

या गोष्टीला आता चार रविवार होऊन गेले. नंबर त्याने मनगटावरून कागदावर उतरवून ठेवला आहे. आई गेल्याचं चिलेक्वाला सांगायचं अजून राहिलं आहे.