मार्किसची वकिली

“पोराला बाकावर बसवा, बास!” अर्व्हिनने कात्री हवेतच कचकचवली. “बारा वाजता मी कोचला भेटतोय. पाठीराख्यांच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून स्पष्ट सांगणार, येत्या शुक्रवारी मार्किस मैदानात दिसता कामा नये.”

केस कापायच्या त्या दुकानात कोणी त्याला अडवलं नाही. काल घरच्या मैदानावर, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने शेवटच्या फेकीवर सामना घालवला होता. कॉर्नरबॅकचं काम ते काय? समोरचा जो गडी कडेने सुसाट पळतो त्याला चिकटून राहायचं आणि चेंडू त्याच्या हातात पडू द्यायचा नाही. सतरा वर्षांच्या मार्किसच्या डोक्यावरून तो चेंडू झेलला गेला, आणि अख्खं पाइन लँडिंग गाव न जेवता झोपलं.

“झोपला होता मेला,” शेजारच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाची दाढी करत ओडेसा म्हणाली. ती अर्व्हिनची मेहुणी, आणि तोंडाची भलतीच फटकळ.

तिचं गिऱ्हाईक म्हणजे चर्चचे डीकन पर्नेल. गावाने राज्याचा करंडक एकदाच जिंकला, त्या संघातले ते. ही गोष्ट ते कोणालाही विसरू देत नसत. “आमच्या वेळी असल्या पोराला कोचनं बसमध्ये घेतलं नसतं,” साबणाच्या फेसातून ते गुरगुरले.

“तो झोपला नव्हता.”

बोलला तो अर्व्हिनच्या खुर्चीतला माणूस. गावचा नव्हता. त्याचा ट्रक शेजारच्या गॅरेजात अडकला होता, तोवर केस कापून घ्यावेत म्हणून आत आला होता.

“तुम्ही होतात काल मैदानावर?” अर्व्हिनने विचारलं.

“होतो.”

“मग डोळे कुठे ठेवले होते, भाऊ?”

“मार्किसवरच. मला सांगा, सामनाभर त्याच्या बाजूला चेंडू किती वेळा आला?”

अर्व्हिनने कात्री थांबवली. “तसा फारसा नाही आला.”

“का नाही आला? त्यांच्या फेकणाऱ्याची छाती नव्हती म्हणून! आठवडाभर त्यांच्या कोचनं बजावलं होतं, त्या पोराच्या वाटेला जाऊ नका.”

“त्यांच्या कोचनं काय बजावलं ते तुम्हाला कसं ठाऊक?”

“आलं कानावर,” माणूस म्हणाला आणि आरशात बघत राहिला.

“पण शेवटी गेलेच ना त्याच्या वाटेला?” ओडेसा ऐकते कसली. “त्या दुसऱ्या पोराचं नशीब फळफळलं, आणि आमचं ध्यान बघत राहिलं.”

“नशीब?” माणूस असा ताडकन उठून बसला की अर्व्हिनने कात्री झटकन मागे घेतली. “बाई, नशीब म्हणू नका. मार्किसची बोटं लागली होती चेंडूला. पाऊल चुकलं नाही, उडी चुकली नाही. यापेक्षा चांगली राखण अख्ख्या जॉर्जिया राज्यात कोणी केली असती? घ्या, एक नाव घ्या!”

त्याचा आवाज कापत होता. आणि अर्व्हिनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मार्किस उन्हाळ्यात मावशीकडे राहायला आला होता. बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. गावात त्याला कोणी पाहिलेलंच नव्हतं. अरे देवा, आणि आपण बापासमोर पोराची सालटी काढत बसलोय! अर्व्हिनचे कान तापले. त्याने ओडेसाला डोळ्याने खुणावलं. तिला एका क्षणात कळलं.

“तसं पोर गुणी आहे हो,” ती एकदम लोण्यासारखी मऊ झाली. “शाळेतही हुशार म्हणे.”

“माझ्याकडे बघून बोलू नका,” माणूस म्हणाला. “मनापासून वाटत असेल तरच म्हणा. नाहीतर शिव्या द्या, चालेल.”

हे मात्र अर्व्हिनला लागलं. त्याने खिशातून फोन काढला. तो शेवटचा चेंडू त्याने सकाळपासून कितीदा तरी पाहिला होता, पण शिव्या घालण्यासाठी. आता त्याने तो सावकाश लावला. ओडेसा वाकली. डीकन तोंडावरच्या फेसासकट उठून आले आणि चष्मा चढवून बघू लागले.

खरंच, बोटं लागली होती. मार्किस त्या गड्याच्या सावलीसारखा पळाला होता, त्याच्याबरोबर उडाला होता, हात नेमका चेंडूवर होता. तरीही त्या गड्याचा हात कुठून तरी वर आला आणि त्याने चेंडू काढून नेला.

“पुन्हा लाव,” डीकन म्हणाले. अर्व्हिनने पुन्हा लावला.

“तीन वर्षं मी त्याच जागेवर खेळलो,” डीकन हळूच बोलले. “माझ्या भर उमेदीत मला हे जमलं नसतं.”

डीकन पर्नेलांच्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक! ओडेसाने चक्क छातीवर क्रॉसची खूण केली. अर्व्हिनची छाती फुगली. आपल्या गावात, आपल्या संघात असला पोरगा, आणि आपण त्याला बाकावर बसवायला निघालो होतो! लाजही वाटली, पण अभिमान लाजेपेक्षा मोठा होता.

“कोचला मी भेटणारच,” तो म्हणाला, “पण आता सांगणार वेगळंच. कालच्यासाठी कोणी मार्किसला शब्दाने दुखवलं, तर गाठ माझ्याशी आहे.”

त्याने माणसाच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं, मानेवरचे केस झटकले आणि हात पुढे केला. “साहेब, आमचं चुकलं. पोराला सांगा, शुक्रवारी तो खेळणार. त्याला अडवणारा अजून जन्माला यायचाय. आणि असं पोर वाढवल्याबद्दल तुम्हालाही मानलं बरं का.”

माणसाने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. डोळे पाण्याने भरले होते, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“मार्किसला तुम्हीच सांगा, मी त्याला ओळखत नाही,” तो म्हणाला. “त्याच्या डोक्यावरून ज्यानं चेंडू काढून नेला ना, तो माझा मुलगा.”