बूड ओलं राहतं

यॉर्कशरमधल्या त्या गावाची जत्रा आठवड्यावर आली, तेव्हा म्युरिअल रडवेली होऊन शेजारच्या हेटीकडे आली.

"अगं, माझ्या ॲपल पायचं बूड दरवेळी ओलंच राहतं. काय चुकतंय गं?"

जत्रेतल्या ॲपल पायच्या, म्हणजे सफरचंद भरून भाजलेल्या पेस्ट्रीच्या, स्पर्धेत दरवर्षी पहिली येणारी हेटी गोड हसली. "रिकामा ट्रे ओव्हनमध्ये कडकडीत तापव, आणि पायचं भांडं थेट त्यावर ठेव."

आता बुडाचा कोळसा होणार, या खात्रीनं हेटी मनोमन निश्चिंत झाली.

पण बूड इतकं खुसखुशीत झालं, की पहिलं बक्षीस म्युरिअलनं पटकावलं. भर मंडपात तिनं डोळे पुसत हेटीच्या सल्ल्याचे आभार मानले.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी हेटीनं दार उघडलं, तर अर्धं गाव आपापले फसलेले पाव घेऊन रांगेत उभं होतं.