खाटेजवळचं परळ

“जरा मांगे सरका ना,” जसोदाबाई दाराआडून हळूच म्हणाली. “बुलबुल उडी जाई.”

“मी बठेल शे तठेच बठेल शे,” खाटेवरून रूपचंदआप्पा म्हणाले. “तूच गडबड करी ऱ्हायनी.”

बुलबुल काही उडाला नाही. पाखरांसाठी पाणी भरून ठेवलेल्या मातीच्या परळाच्या काठावर बसून त्याने दोनदा चोच बुडवली. जसोदाबाईने मोबाईल वर केला आणि बोट दाबलं. फोटोत बुलबुल आला खरा, पण अर्धा फोटो नवऱ्यानेच भरून गेला होता. पांढरी टोपी, गुडघा आणि काठीवर ठेवलेला हात.

आता काय म्हणावं या माणसाला! एवढं मोठं अंगण पडलंय, ओट्यावर पंखा आहे, पण नाही. भर वैशाखात यांची खाट परळाला चिकटलेली. तिने परळ आधी तुळशीजवळ ठेवलं होतं. ते यांनी उचलून खाटेशी आणलं. “तठे पाणी तापी जास,” म्हणाले. मग तिने हट्टाने न्हाणीजवळ ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी खाटच न्हाणीजवळ गेली! जसोदाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

तापीकाठच्या त्या गावात रूपचंदआप्पांचं अंगण एके काळी गारव्यासाठी नावाजलेलं होतं. मधोमध जुना कडुनिंब होता. त्यांचा मुलगा मिथुन त्या निंबावरची घरटी बघत लहानाचा मोठा झाला. केळीचा ट्रक अंगणात वळत नाही म्हणून आप्पांनी एक दिवस निंब तोडला. त्यावरून बापलेकांचं असं काही वाजलं की विचारू नका. “या आंगणमा आते चिडीबी येवाव नही आन् मीबी येवाव नही,” म्हणत मिथुन बायकोला, मोहिनीला, घेऊन सुरतेला निघून गेला. दोन वर्षं झाली त्याला. आईला फोन करायचा, बापाचं नाव काढायचा नाही. बापही तसलाच. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ‘मिथुन’ हा शब्द गेला तो गेलाच.

म्हणून जसोदाबाईने हे परळ मांडलं. अंगणात पाखरं येतात हे पोराला दिसलं, तर पोरही येईल, एवढीच तिची आस. रोज सकाळी ती एक फोटो सुरतेला धाडायची. कधी चिमणी, कधी साळुंकी, कधी होला. मिथुनचं उत्तरही लगेच यायचं.

फक्त पहिल्या फोटोला आलं नव्हतं. त्यात चिमणीमागे आप्पा अख्खेच्या अख्खे बसलेले होते. संध्याकाळपर्यंत मोबाईल गप्प राहिला, आणि जसोदाबाई काय ते समजली. बापाचं तोंड पाहून पोरगा पुन्हा बिथरला, दुसरं काय! मोहिनीने जाण्याआधी तिला फोटो कापायला शिकवलं होतं, ते तेव्हा कामी आलं. तेव्हापासून ती रोज बोटाने कड आत ढकलायची. आधी टोपी जायची, मग गुडघा, मग काठी. पाखरू तेवढं उरायचं. नवऱ्याला असं रोज कापताना जिवाला बरं वाटत नव्हतं, पण करणार काय? दोघांच्या मध्ये उभं राहून ती पार थकून गेली होती.

मध्यंतरी मिथुनचा आवाज आला होता मोबाईलवर. “माय, इतला जवळथून फोटू नको काढू. आंगणबी दिसू दे ना.” ती घाबरलीच. याला निंबाचं खोड बघायचंय, म्हणजे पुन्हा खपली निघणार! त्यानंतर ती आणखी आतून कापू लागली.

त्या दिवशी मात्र नवल झालं. परळावर हळद्या उतरला. पिवळाजर्द, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. निंब गेल्यापासून तो या अंगणात फिरकला नव्हता, आणि मिथुनचं तर हे लहानपणापासूनचं लाडकं पाखरू. जसोदाबाईने घाईघाईने मोबाईल उचलला.

“आज तरी उठा ना तठून,” ती कळवळून म्हणाली.

आप्पा उठले नाहीत. उलट पाठ ताठ केली. सकाळी सकाळी दाढी घोटून, धुतलेला सदरा घालून बसले होते. खांद्यावरून सदरा उतरत होता. उन्हाळ्यात जेवण कुणाला जातं? जसोदाबाईने राग गिळून फोटो घेतला. हळद्या त्यांच्या पायाशीच बसला होता. तिने कड ढकलत ढकलत पार अंगठ्यापर्यंत सगळं कापलं आणि फोटो धाडला.

“माय, हळद्या उना!” मिथुनचा आवाज लगेच आला. “भलता मस्त शे.” एवढंच. येतो म्हणाला नाही. जसोदाबाईने ते पुन्हा ऐकलं आणि मोबाईल पदराखाली ठेवून दिला.

सांजेला तिने ताट वाढलं. आप्पांनी अर्धी भाकरी परत केली. मग फोटो पाठवला का, हा नेहमीचा एकच प्रश्न विचारला.

“धाडा का?”

“धाडा.” रोज हे विचारून हा माणूस आपल्याला टोचतो, असं तिला वाटायचं. आज टोचून घ्यायचं त्राणही नव्हतं. “भलता आवडना त्याले.”

आप्पांनी टोपी सारखी केली. मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले,

“आन् मन्हं काय म्हने? रोज देखस तो माले… बाप बारीक व्हई गया, आसं तरी म्हने का मिथुन?”