दुसरा नंबर

“दुसरा नंबर कुणाचा?” साहेबांनी विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर परवाच्या रात्रीची नोंद होती. मशीनरूममधला एसी बंद पडला, खोली तापली आणि अलार्मने आपणहून पहिल्या नंबरला फोन लावला. उत्तर नाही. मग दुसऱ्या नंबरला लावला. तिथे कुणीतरी फोन उचलून एक दाबला होता. एक दाबणं म्हणजे ‘कळलं, बघतो.’ त्यावर विश्वास ठेवून अलार्म गप्प बसला. पुढच्या कुणाला त्याने उठवलंच नाही. सकाळपर्यंत सगळे सर्व्हर तापून बंद पडले आणि दुपारपर्यंत दवाखान्यांतल्या डॉक्टरांना पेशंटचे रिपोर्ट दिसत नव्हते.

पहिला नंबर तिचा होता. या सगळ्या यंत्रांची मॅनेजर तीच.

दुसरा कुणाचा, हे नवे साहेब सोडले तर खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या बाबांचा. ती एकदा झोपली की कानाशी ढोल वाजवला तरी उठायची नाही. बाबा मात्र आयुष्यभर बस चालवलेले. मांजर ओट्यावरून गेलं तरी जागे व्हायचे. म्हणून त्यांनीच हट्टाने आपला नंबर घालायला लावला होता. फोन आला की एक दाबायचा आणि तिच्या दारावर थाप मारायची: ऊठ, तुझ्या पोरांना ताप आलाय. सर्व्हरना ते तिची पोरं म्हणत. जन्मभर सरळ गाडी हाकली आणि म्हातारपणी मुलीने दोन नंबरच्या धंद्याला लावलं, असं ते येईल त्याला सांगत.

त्यांना जाऊन महिना उलटला होता.

माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा नंबर काढायचा, हा नियम तिनेच केलेला. एकदा एक नंबर राहून गेला म्हणून तिने बॅटरीला सगळ्यांसमोर झापलं होतं. बॅटरी हे पाळीवरच्या इंजिनिअरचं टोपणनाव. त्याला कधी कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. आत्ताही तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा खाकरला आणि कधीकधी यंत्रच भलतं काहीतरी नोंदवतं, तसंच लिहून टाकू या, असं सुचवलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

ती दोन मिनिटं मागून बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि घरी फोन लावला.

आईने लगेच उचलला. हो, परवा रात्री बाबांचा फोन वाजला होता. हो, तिनेच एक दाबला, ते दाबायचे तसा. आणि चार्जही तीच करते, रोज. यात विचारण्यासारखं काय आहे, हे तिला कळेना.

“मग मला उठवलं का नाहीस?”

पलीकडे नळ वाहत होता. आईने तो बंद केला.

“आले होते की दारापर्यंत. हातसुद्धा उचलला होता. पण ते गेल्यापासून पहिल्यांदाच झोपली होतीस गं तू. घोरत होतीस. म्हटलं, राहू दे. एक रात्र ताप राहिला पोरांना, तर काय होतंय.”

तिने मागे मीटिंगच्या बंद दाराकडे पाहिलं.

“काही बिघडलं का?”

“नाही. पण आता तो वाजला तर उचलू नकोस.”

“अगं, पण वाजल्यावर...”

“वाजू दे, आई.”

पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला. मग आई म्हणाली, “बरं.”

ती आत आली आणि उभ्यानेच बोलली. यंत्राची चूक नव्हती. दुसरा नंबर तिच्या वडिलांचा होता, ते आता नाहीत, आणि तो काढायचं काम तिचं होतं. तिने ते केलं नाही. मग एक कुणी दाबला, असं साहेबांनी विचारलं. घरात चुकून दाबला गेला, असं ती म्हणाली. खोटं बोलली ती एवढंच.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वाईट वाटलं, असं पुटपुटले. मग वर जाणाऱ्या अहवालात तिचं नाव घालावं लागेल, म्हणाले, आणि तो नंबर आत्ता, इथेच काढा.

काढण्याचीही एक रीत होती, तीसुद्धा तिनेच बसवलेली. कामावर असलेल्या माणसाचा नंबर चुकून निघू नये म्हणून यंत्र आधी त्या नंबरला शेवटचा एक फोन करायचं. पलीकडच्याने उचलून एक दाबला तर नंबर राहायचा.

तिने बटण दाबलं. भिंतीवर अक्षरं आली: वाजत आहे.

सगळे दुसरीकडे कुठेतरी पाहू लागले. बॅटरीने खुर्ची ओढली आणि तो बसला.

बाबांचा फोन फळीवर असायचा, त्यांच्या चष्म्याशेजारी. आई नळापासून आली असेल. हात पुसून त्याच्यासमोर उभी राहिली असेल.

वाजत आहे.

वाजत आहे.

मग ती अक्षरं गेली आणि त्या जागी दुसरी आली: उत्तर नाही.

इतक्या वर्षांत त्या नंबरापुढे हे शब्द एकदाही उमटले नव्हते.