पेटीतली दोन मिनिटं

आइस हॉकीच्या बर्फावर सोळा माणसं होती. दोन्ही संघांचे सहा-सहा खेळाडू आणि चार पंच. दोन गोलकीपर जाळीच्या मुखवट्याआड, त्यांचं नक्की सांगता येत नव्हतं. उरलेल्या चौदांत तेरा गोरे आणि एक आल्हाद.

टीव्हीसमोर बसलेल्या विलासरावांचं हे मोजणं तिसऱ्यांदा पूर्ण झालं आणि शिट्टी वाजली. आल्हादच्या काठीत अडकून समोरचा खेळाडू पडला होता. पंचानं आल्हादकडे बोट दाखवलं. शिक्षा दोन मिनिटांची. बर्फाच्या कडेला काचेची पेटी असते, तिथं जाऊन बसायचं. मागच्या काचेला लागूनच प्रेक्षक.

"घ्या! कृष्ण गेला कारागृहात," भय्यासाहेब म्हणाले. ते वरच्या मजल्यावर राहत. रोज सकाळी पेपर वाचायला खाली येत आणि पोहे खाऊन जात. तिकडे कॅनडात रात्र होती, इकडे माधव नगरात सकाळचे साडेनऊ.

"नाव आहे त्याला," शोभाताई म्हणाल्या. "आल्हाद."

"वहिनी, लाडानं म्हणतो. तुमचा नातू तो माझा नातू."

"मग चुपचाप शेव घाला पोह्यांवर आणि खा."

विलासरावांचं दोघांकडे लक्ष नव्हतं. पंचवीस सामन्यांचा कच्चा करार होता, आणि हा पंचविसावा सामना. अकराव्या सामन्यात कोणीतरी माकडाचा आवाज काढला तेव्हा आल्हादनं हातमोजे फेकून मारामारी केली होती. पुन्हा असं झालं तर घरी जायचं, असं क्लबनं बजावलं होतं. काल अश्विनीनं फोनवर हे सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, माझा मुलगा चांगला खेळतो ते सगळ्यांना माहितेय. उद्या फक्त तो शांत राहू दे."

आल्हाद पेटीत बसला. कॅमेरा जवळ गेला. काचेमागे पाच माणसं उभी होती. चार जण काच बडवत होते. पाचव्यानं, हिरव्या टोपीवाल्यानं, कागदी रुमाल जिभेनं ओला केला, काचेवर नेमका आल्हादच्या गालाशी टेकवला आणि घासायला लागला.

घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते.

"पुसतोय तो," शोभाताई म्हणाल्या. "रंग पुसतोय त्याचा."

"फालतू माणूस आहे. ध्यान नको देऊस," विलासराव म्हणाले.

"सात वर्षांचा होता. सुट्टीत इथं आला होता. मी रोज उटणं लावून घासायची त्याला. डबे तुम्ही आणायचे, टावर चौकातून." त्यांचा आवाज खाली आला. "विचारायचा, आजी, हे कधी निघणार?"

भय्यासाहेबांचा चमचा थांबला.

आल्हादनं मान वळवली. काचेकडे पाहिलं. हिरव्या टोपीवाला आणखी पुढे झुकला. आता दोघांच्या चेहऱ्यांमध्ये फक्त काच होती.

आल्हादनं डावा हातमोजा काढला.

"विलासराव," भय्यासाहेब हळूच म्हणाले, "मोजे काढले की मारामारी, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

उजवाही निघाला. दोन्ही हातमोजे बाकावर पडले.

"नको रे बाळा." शोभाताईंनी पदर डोळ्यांवर ओढला. "अहो, मी नाही बघत. तुम्ही सांगा."

विलासराव पडद्याजवळ सरकले. आल्हादचा उजवा हात वर येत होता, आणि हात इतका हळू वर का येतोय ते त्यांना कळत नव्हतं. चेहरा काचेकडेच होता. चौघांचं बडवणं वाढलं. पेटीतला कर्मचारी उभा राहिला.

"सांगा ना! उठला का?"

"नाही."

"मग?"

हात खांद्यापर्यंत आला. दोन बोटं पुढे झाली आणि जबड्याखाली, मानेच्या बाजूला टेकली. आल्हादनं काचेकडे पाठ केली आणि नजर समोरच्या घड्याळावर लावली.

"अहो, काय करतोय तो?"

"मोजतोय," विलासराव म्हणाले.

दोन बोटं मानेला लावायची. तीस सेकंद नाडी मोजायची, मग दुप्पट करायची. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मग दुसऱ्याची समजून आपलीच मोजली जाते. त्याच सुट्टीत, हुळहुळलेले गाल घेऊन तो न्हाणीघरातून बाहेर यायचा आणि त्याचं रडं थांबत नसे, तेव्हा विलासरावांनी त्याला हे शिकवलं होतं. उटण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. ना त्याच्याशी, ना शोभाशी.

आल्हादचे ओठ हलत होते. मराठीत मोजतोय की इंग्रजीत, ते कळत नव्हतं.

साठ सेकंद. पन्नास. मागचा रुमाल घासून घासून फाटला आणि त्याचा एक तुकडा काचेला चिकटून राहिला. आल्हादनं बोटं काढली, क्षणभर थांबला आणि पुन्हा लावली. दुसऱ्यांदा मोजत होता.

"अजून बसलाय?" पदराआडून शोभाताईंनी विचारलं.

"बसलाय."

दहा सेकंद असताना त्यानं हातमोजे चढवले. पाच असताना काठी उचलली. शून्य झालं, दार उघडलं आणि तो बर्फावर उतरला.

शोभाताईंनी पदर खाली घेतला. भय्यासाहेबांनी काहीतरी विचारलं, पण विलासरावांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या स्वतःच्या मानेवर होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

तीस सेकंदांत सदुसष्ट.