दाताचा दाखला

पूर्वजाची कवटी परत मिळावी म्हणून डल्सी मावशी सात वर्षं संग्रहालयाचे उंबरठे झिजवत होती. शंभर वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्या साहेबाने ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठचं तिच्या आदिवासी लोकांचं थडगं उकरून ती नेली होती, आणि आता संग्रहालयातले साहेब विचारत होते, "ती तुमच्याच नदीकाठची कशावरून?"

"मग ठेवा अजून शंभर वर्षं तुमच्या त्या खणात!" मावशी कडाडली.

शेवटी त्यांनी कवटीतला एक दात तपासला. लहानपणी पोटात गेलेल्या पाण्यातले क्षार दात तयार होतानाच त्यात मुरतात, आणि माणूस मेला तरी हलत नाहीत. निकाल आला, पाणी डार्लिंगचंच.

"दात खोटं बोलत नाही, मावशी," अधिकारी खुशीत म्हणाला. "माणूस कुठला, ते आता आम्ही दातावरूनच ठरवणार."

भाची मार्लीने टाळ्या पिटल्या. मावशीने मात्र ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं, आता तरी हस की जरा! दिसू देत दात!" मार्लीने तिला कोपराने ढोसलं.



"गप बस! दीड वर्षाची होते तेव्हा आमच्या लोकांची पोरं पळवणाऱ्या सरकारी गाडीवाल्यांनी मला आईच्या कडेवरून उचलून सहाशे मैलांवरच्या अनाथाश्रमात टाकलं. हे दात तिथल्या बोअरच्या पाण्यावर आलेत."