दोन अंशांची चूक

"हे शून्य कुठून आणलंत?" एक्स्टर्नलनी विचारलं.

जयमालाने पडद्याकडे पाहिलं. आलेखात डावीकडे एक उंच, सरळ रेघ होती. उजवीकडे काहीच नव्हतं. ते काहीच नसणं हेच तिच्या वर्षभराच्या मेहनतीचं फळ होतं.

"आणलं नाही सर. आलं."

संगमनेरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चालू होती. कॉम्प्युटर लॅबमध्ये यायचं तर चपला-बूट बाहेर काढायचा नियम होता. त्यामुळे विद्यापीठाने परीक्षेसाठी पाठवलेले एक्स्टर्नल मोज्यांवर बसले होते, आणि उजव्या मोज्यातून त्यांचा अंगठा सगळ्या कामकाजावर लक्ष ठेवून होता.

"बरं, रेडिओ कुठाय?"

"रेडिओ नाही सर. सगळं प्रोग्राममध्येच आहे." जयमालाने पाठ केलेलं नव्हतं, तरी ते पाठ केल्यासारखं बाहेर पडलं. "आपण रेडिओवर नगर लावतो, तेव्हा भलतंच एखादं स्टेशन त्याच जागी येऊन बसू शकतं. हवं ते आणि नको ते, एकावर एक. म्हणून आत आलेल्या लहरीच्या दोन वाटा करायच्या, एक वाट नव्वद अंशांनी मागे सारायची आणि शेवटी दोन्ही जोडायच्या. हवं ते स्टेशन दुप्पट होतं, ती डावीकडची रेघ. नको ते आपापसात कटून जातं, म्हणून उजवीकडे शून्य."

"पूर्ण कटतं?"

"खऱ्या रेडिओत नाही कटत सर. तिथे दोन वाटा तंतोतंत सारख्या बनवता येत नाहीत. प्रोग्राममध्ये येतात."

उत्तर बरोबर होतं. पण ते फार लवकर आलं, आणि एक्स्टर्नलच्या कपाळावर आठी पडली. इतकं सरळ उत्तर देणाऱ्या माणसाने ते कुठून तरी उचललेलं असतं, असा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता.

तसं त्या डिपार्टमेंटचं मोजमाप साधं होतं. सकाळी तिच्या वर्गातल्या वाल्मिकने पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा आणली होती. ती पुण्याहून तयार विकत आणलेली आहे, हे लॅबमधल्या पंख्यालाही माहीत होतं. टाकी भरली, पाणी टेबलावरून एक्स्टर्नलच्या मोज्यांपर्यंत आलं, घंटा वाजली नाही. वाल्मिकला घाम फुटला. एक्स्टर्नल प्रसन्न झाले. पोराने स्वतः केलंय म्हणाले, नाहीतर बंद कशाला पडलं असतं?

जयमालाचं बंद पडत नव्हतं.

"हे बघा, मला हे पटत नाही," एक्स्टर्नल पेनाचं टोपण लावत म्हणाले. टोपण लागणं वाईट होतं. जून महिन्यात पुण्याच्या कंपनीत तिला रुजू व्हायचं होतं. कंपनीची अट फर्स्ट क्लासची होती, आणि फर्स्ट क्लास त्या टोपणाखाली होता.

इतका वेळ भिंतीवरचा सूचनाफलक वाचत असलेले तिचे गाईड गुंजाळ सर खुर्चीमागे आले. खाली वाकून हळूच म्हणाले, "जयमाला, थोडी चूक घाल."

"कुठे सर?"

"कुठेही घाल गं. दिसली म्हणजे झालं."

तिने नव्वद खोडून साडेएकोणनव्वद केलं. प्रोग्राम पुन्हा चालू झाला. तो एकेक ठिपका मोजूनमापून ठेवायचा, म्हणून तेवढ्यात चहा आला. लॅबमध्ये चहाला बंदी होती. एक्स्टर्नल उंबऱ्याच्या आत उभे राहिले आणि कप बाहेर धरून, मान लांब करून प्याले.

आलेख पुरा झाला. उजवीकडे काहीच दिसेना.

"अजून घाल," गुंजाळ सर म्हणाले. आता त्यांचा आवाज विनवणीचा होता.

तिने अठ्ठ्याऐंशी टाकलं. जे घालवायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं, ते दोन बटणं दाबताच परत आलं. उजवीकडे एक बुटकी रेघ उगवली, चोरून आत शिरलेल्या पाहुण्यासारखी.

एक्स्टर्नल लगबगीने पडद्यापाशी आले. "हं! आता कसं! हे काय आहे?"

"नको असलेलं स्टेशन, सर."

"कशामुळे आलं?"

"मी दोन अंशांची चूक केली, त्यामुळे."

"शाब्बास!" त्यांनी टोपण काढलं. "चूक कळते, म्हणजे काम स्वतः केलेलं आहे. मघाशी उगाच शून्य दाखवून घोळ घालत होतात." गुण लिहून ते गुंजाळ सरांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे. जरा वळण लावा."

गुंजाळ सरांनी वळण लावायचं कबूल केलं.

बाहेर व्हरांड्यात चपलांच्या ढिगाशेजारी तिचे वडील सहादू उभे होते. साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर ते कामाला होते आणि आज रजा टाकून आले होते. लेकीचा चेहरा बघून ते घाबरले.

"नापास केलं का गं?"

"न्हाई दादा. पास झाले. चांगले मार्क दिले."

"मंग तोंड का असं?"

"माझं बरोबर आलं हुतं. त्यांना पटंना. मग मुद्दाम चूक घातली, तवा पटलं."

सहादूंनी लॅबच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "कितीची घातली?"

"दोनाची."

"दोनच व्हय?" त्यांचा जीव भांड्यात पडला. "तेवढ्याला तर आमच्या काट्यावर बरोबर म्हणत्यात."